बांधीतल्या पूर्वजांची राखण



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपण बहुधा वर्षाचा अहवाल, चार ओव्या, दोन पाककृती आणि एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र वाचतो. त्यात थडग्यांवरचा लेख कुणाला अभद्र वाटेल. बायकांनी मसणवटीत जाऊ नये अशी आपल्यातली रीत. मग तिथल्या गोष्टी बोलाव्यात तरी कशाला, असेही कुणी म्हणेल. पण आपल्या अहेरी तालुक्यात मेलेली माणसे सगळीच गावाबाहेरच्या मसणवटीत नाहीत. कितीतरी कुळांचे पूर्वज शेताच्या धुऱ्यावर, धानाच्या बांधीशेजारी, मोहाच्या झाडाखाली दगडाच्या रूपाने उभे आहेत. रोवणीला आणि कापणीला जाताना आपण त्यांच्या जवळूनच जातो. तेव्हा त्यांची ओळख ठेवणे हे आपलेही काम आहे, असे मला वाटते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वडीलधाऱ्यांना विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजले, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

आलापल्लीहून भामरागडच्या किंवा एटापल्लीच्या वाटेला लागले म्हणजे माडिया बांधवांच्या गावांजवळ उभे दगड दिसतात. कुठे एकटा असतो, कुठे पाचसात एका ओळीत. काही गुडघ्याएवढे, काही माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेले. त्यांवर अक्षर नाही, मूर्ती नाही, शेंदूर नाही. नवख्या माणसाला वाटते की शेताची हद्द दाखवायला कुणी पुरले असतील. पण तो प्रत्येक दगड एका माणसाचा असतो. घरातले माणूस गेले म्हणजे पुढे सवडीने, घरात धान्यधुन्य जमले म्हणजे, त्याच्या नावाचा दगड उभा करतात. दगड शोधून आणायचा, लाकडांना बांधून अनेकांनी खांद्यावर वाहायचा, सोयरेधायरे बोलवायचे, जेवण घालायचे आणि मग तो आपल्या कुळाच्या जागी रोवायचा. एका कुळाचा दगड दुसऱ्या कुळाच्या ओळीत बसत नाही. बस्तरकडे अशा दगडांना उरसकल म्हणतात. ग्रिगसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बस्तरच्या माडिया लोकांवर १९३८ साली मोठे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात या रीतीचे वर्णन आहे.

दगडाखाली देह असतोच असे नाही. कुठे पुरतात, कुठे दहन करतात. पण दगड उभा राहिला म्हणजे ती जागा त्या माणसाची झाली. आपण सर्वपित्री अमावस्येला पान वाढतो, अक्षयतृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरतो. आपले पितर तिथीला येतात आणि जातात. त्यांचे पितर मात्र एका ठिकाणी राहतात. भेद एवढाच, बाकी माया तीच.

ही रीत किती जुनी म्हणावी? नागपूरजवळ जुनापाणी येथे दगडांची मोठमोठी वर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या साहेबाने त्यातली काही उकरली. ती घरे नव्हेत, देवळे नव्हेत, मृतांच्या जागा निघाल्या. पुढे माहुरझरी आणि नायकुंड या ठिकाणी डॉ. शां. भा. देव यांच्यासारख्या विद्वानांनी उत्खनन केले. मृतांबरोबर ठेवलेली लोखंडी हत्यारे, मडकी, घोड्याचे दागिने तिथे सापडले. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच निघाली. अडीच हजार वर्षांहून जुनी ती माणसे. आपल्या चामोर्शीकडे आणि चंद्रपूर जिल्ह्यात हिरापूरला मोठ्या शिळा रचून केलेल्या अशाच जुन्या जागा आहेत. जगात बहुतेक ठिकाणी मृतांसाठी मोठे दगड उभारण्याची चाल केव्हाच थांबली आणि पंडित लोक ती जमीन खणून शोधतात. आपल्याकडे ती चाल जिवंत माणसांच्या हातात आहे. म्हणून दूरदूरचे अभ्यासक भामरागडला येतात. आपण मात्र त्यांच्या शेजारी राहून ‘गोंडांचे दगड’ एवढे म्हणतो आणि पुढे जातो.

आता राजाघरची गोष्ट सांगते. चांद्याला महाकालीच्या यात्रेला आपल्यापैकी पुष्कळजणी जातात. तिथून जवळच झरपट नदीच्या बाजूला अचलेश्वराचे देऊळ आहे आणि त्याला लागून गोंड राजांच्या समाध्या आहेत. ते एका राजघराण्याचे दफनस्थान. त्यातली सर्वांत मोठी समाधी बीरशहा राजाची. हा राजा १७०४ च्या सुमारास मारला गेला. त्याची राणी हिराई. पदरी मुलगा नव्हता. तिने रामशहाला दत्तक घेतले, तो लहान म्हणून कारभार स्वतः पाहिला आणि नवऱ्याची समाधी बांधवली. आग्र्याला बादशहाने बेगमेसाठी ताजमहाल बांधला, हे शाळेतल्या मुलालाही पाठ असते. पण आपल्याच जिल्ह्याच्या जुन्या राजधानीत एका राणीने नवऱ्यासाठी समाधी बांधली, हे किती जणींना माहीत आहे? महाकालीचे देऊळही हिराईनेच बांधल्याचे सांगतात. १७५१ मध्ये चांदा नागपूरच्या रघूजी भोसल्यांकडे गेले आणि राज्य संपले, पण समाध्या राहिल्या. आज त्या केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तिथला दगड हलवला तर तो कायद्याने गुन्हा होतो.

राजाच्या समाधीला राणी होती, पुढे सरकार मिळाले. शेतातल्या आजोबाच्या दगडाला कोण आहे? त्याला फक्त आठवण आहे. आठवण असलेले माणूस गेले, की दगड उघडा पडतो. मला सांगायचे आहे ते एवढेच.

हे दगड दुसऱ्यांच्या शेतात कसे गेले, तेही समजून घेतले पाहिजे. पूर्वी हा सगळा मुलूख अहेरीच्या जमीनदारीत होता. चांदा जिल्ह्यातली ती सर्वांत मोठी जमीनदारी. जंगल तोडून आणि जाळून त्या जागी काही वर्षे पीक घ्यायचे आणि मग जागा बदलायची, अशी तेव्हा डोंगरातली शेती होती. गावेही सरकत. रोगराई आली, पाणी आटले, वाघाचा त्रास झाला की वस्ती हलत असे. वस्ती हलली तरी दगड जागेवरच राहत. पुढे जंगले राखीव झाली. १९५१ मध्ये जमीनदारी आणि मालगुजारी संपली. तेव्हा आपला जिल्हा मध्यप्रदेशात होता. जमिनी मोजल्या गेल्या, कुणाच्या नावे चढल्या, कुणाच्या नावे राहिल्या नाहीत. ज्या कुळाचे दगड होते ते कुळ दहा कोसांवर, आणि जमिनीचा पट्टा भलत्याच्या नावे, असे झाले. मोजणी करणाऱ्याने विहीर लिहिली, आंबा लिहिला, मोह लिहिला. पण ‘इथे अमुक कुळाचे पूर्वज आहेत’ असे लिहायला सातबाऱ्यावर वेगळा रकानाच नव्हता.

आमच्याच घरची हकीकत सांगते. माझ्या मामाजींच्या वडिलांनी चांदा मध्यप्रदेशात असतानाच एक बांधी खरेदी केली होती. तिच्या उंचवट्यावर पाच दगड उभे आणि एक आडवा पडलेला. दरवर्षी नवे धान घरात आले की एक म्हातारी गोंड बाई नातवाला घेऊन बारा-पंधरा मैलांवरून येई. पानावर नवे तांदूळ ठेवी, थोडा वेळ बसे आणि आमच्या ओसरीवर पाणी पिऊन परत जाई. मामाजी कधी ‘का आलीस’ म्हणाले नाहीत, तिनेही कधी परवानगी मागितली नाही. मी नवी असताना तिला विचारले, “आजी, एवढ्या दूर कशाला येता? एखादा दगड तिकडे नेऊन ठेवला तर नाही का चालणार?” ती हसून म्हणाली, “बाई, तू सासरी आलीस ती पायांनी चालत आलीस. तो कसा येईल? तो इथंच निजला आहे.”

मामाजी वारल्यावर भावाभावांची वाटणी निघाली. बांधी सपाट करायला यंत्र सांगितले होते. यंत्रवाला म्हणाला, हे दगड काढून पाळीला लावतो, पाळ पक्की होईल आणि जागाही निघेल. घरात दोन मते झाली. एक म्हणे, जमीन आपली, पैसे मोजून घेतलेली. दुसऱ्याचे मेलेले आपण का सांभाळावेत? हे बोलणे अगदीच खोटे नव्हते. वाटणीत ज्याच्या हिश्शाला ती बांधी जायची, त्यालाच नुकसान सोसायचे होते. तेव्हा सासूबाई मध्ये बोलल्या. त्या कधी पुरुषांच्या बैठकीत बोलत नसत. त्या म्हणाल्या, “जमीन विकणाऱ्याने जमीन विकली, आपले मायबाप विकले नाहीत.” मग हिशेब झाला. दगडांची जागा आणि धुऱ्यापासून तिथवरची पायवाट मिळून दोन आर होतात. त्यात पिकले असते ते फार तर एक पोते धान. तेवढी जागा वाटणीत मोजायची नाही आणि नांगरायची नाही, त्या कुळाच्या माणसांना वाट मोकळी ठेवायची, असे वाटणीपत्रात लिहिले आणि सगळ्यांनी सह्या केल्या. सासूबाईंनी अंगठा दिला. पुढे ती म्हातारी गेली. आता तिचा नातू येतो आणि त्याच्याबरोबर त्याची लहान मुलगी.

सगळीकडे असे झालेले नाही. दुसऱ्या एका गावात शेत तीन वेळा विकले गेले. शेवटच्या मालकाला कुणी काही सांगितलेच नाही. त्याने दगड काढून टाकले आणि ते रस्त्याच्या भरावात गेले. त्याला दोष कसा द्यावा? विकणाऱ्याने सांगितले नव्हते, कागदावर नव्हते. पण त्या कुळाची माणसे आली तेव्हा त्यांना उभे राहायला जागाच सापडली नाही. धुऱ्यावरच्या येनाच्या झाडावरून अंदाज करीत ती इकडून तिकडे फिरली आणि तांदूळ झाडाच्या बुंध्याशी ठेवून परत गेली. दगड परत आणता आले असते, तरी कुठला कुणाचा हे कोण सांगणार?

दुसरीकडे लोक काय करतात, तेही पाहण्यासारखे आहे. मेघालयात जैंतिया टेकड्यांत नारतियांग नावाचे गाव आहे. तिथे एका जागी शेकडो मोठे दगड आहेत. उभे दगड पुरुषांचे, आडवे स्त्रियांचे अशी तिथली समजूत. ती जागा जपलेली आहे आणि बाहेरून माणसे ती पाहायला येतात. आपल्या कोकणात अलिबागजवळ नवगावला बेने इस्राएल समाजाचे फार जुने दफनस्थान आहे. गलबत फुटून किनाऱ्याला लागलेले आपले पूर्वज तिथे पुरले आहेत, असे ते मानतात. त्या समाजातली बहुतेक माणसे आता इस्राएल देशात राहतात, तरी तिथे स्मारक उभारले आहे आणि माणसे दर्शनाला येतात. लिंगायत समाजातही पुष्कळ घराण्यांच्या समाध्या स्वतःच्या शेतात असतात. त्यांच्या घरीही वाटणी आणि विक्रीच्या वेळी हाच प्रश्न उभा राहतो. म्हणजे ही अडचण एका जातीची किंवा एका तालुक्याची नाही. जिथे पूर्वज शेतात आहेत आणि शेत विकले जाते, तिथे ती आहेच.

कायद्याने काय मिळते, हे साध्या शब्दांत सांगते. सरकारी पडीत जमीन दफनभूमीसाठी राखून ठेवण्याची सोय १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आहे. पण खासगी शेतातल्या दगडांना असे संरक्षण आपोआप मिळत नाही. पुरातत्त्वाचे कायदे सरकारने जाहीर केलेल्या स्मारकांना लागू होतात, प्रत्येक शेतातल्या दगडाला नाही. भावना दुखावण्याच्या हेतूने कुणी दफनाच्या जागेत घुसले, तर भारतीय न्याय संहितेच्या ३०१ व्या कलमाने तो गुन्हा आहे. पण न कळून कुणी नांगर घातला, तर हे कलम काय उपयोगाचे? म्हणून आधी कळवणे महत्त्वाचे. आपला भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने गावाच्या रूढी, परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यातही जंगलात राहणाऱ्यांचा सांस्कृतिक वारसा जपण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून ग्रामसभा काय करू शकते ते दाखवले. आणि ग्रामसभेत आपणही बसतो.

यावर आपल्याला करता येण्यासारखे जे आहे, त्याला फार पैसा लागत नाही.

पहिले म्हणजे विचारणे. आपण बायका दोन गावांच्या असतो, माहेरच्या आणि सासरच्या. पुरुषाला एका गावाचे धुरे माहीत असतात, आपल्याला दोन गावांचे. दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे की शेतात कुठे दगड आहेत, कुठल्या कुळाचे आहेत, ते लोक आता कुठे राहतात, कधी येतात. ज्यांचे दगड आहेत त्यांना आधी विचारावे आणि त्यांना चालेल तेवढेच लिहावे. सगळेच सांगण्यासारखे असते असे नाही.

दुसरे म्हणजे हात न लावणे. चांगल्या मनानेही पुष्कळ नुकसान होते. कुणी दगडाला चुना फासते, कुणी सिमेंटचा ओटा बांधते, कुणी शेंदूर लावून त्याचा आपला देव करते. पडलेला दगड उभा करायचा की नाही, हेसुद्धा त्या कुळाने ठरवावे. आपण भोवतीची जागा नांगराबाहेर ठेवावी, कचरा टाकू नये, जवळून पाण्याचा पाट काढू नये आणि धुऱ्यापासूनची वाट मोकळी ठेवावी. एवढे पुरे.

तिसरे म्हणजे लिहिणे. दगड किती, कुठल्या धुऱ्यापासून किती पावलांवर, जवळ कुठले झाड, हे साध्या वहीत लिहून ठेवावे. झाड मरते म्हणून पावलांचा हिशेबही हवा. मग ग्रामसभेत ठराव करून त्याची प्रत पंचायतीत ठेवावी. वाटणीपत्रात आणि खरेदीखतात ‘एवढी जागा आणि वाट सोडून’ असे दोन ओळींत घालून घ्यावे. सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद होईल का, ते तलाठ्याला विचारावे. विदर्भात गावाच्या चालीरीती आणि वाटेचे हक्क लिहिण्यासाठी वाजिब-उल-अर्ज नावाचे जुने दप्तर असते, तेही काढून पाहावे. शेत विकताना घेणाऱ्याला त्या जागेवर नेऊन तोंडाने सांगावे. कागद कपाटात राहतो, पण डोळ्यांनी पाहिलेले माणूस विसरत नाही.

कुणी म्हणेल, जमिनीला एवढा भाव आला असताना दोन आर कशाला सोडायचे? गरीब शेतकऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न रास्त आहे. एका एकराच्या धन्याला एक पोते धानही जड जाते. अशा ठिकाणी गावाने आणि त्या कुळाने मिळून त्याची भरपाई करावी, निदान त्याच्या रोवणीला दोन माणसे पाठवावीत. राखण ज्याच्या पदरी आली, त्याच्यावरच सगळा भार टाकणे बरे नाही.

आलापल्लीला जतन करणे काही नवीन नाही. आपल्या सागाची कीर्ती एवढी, की अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये इकडचे लाकूड गेले. पण आपण सगळाच साग तोडला नाही. भामरागडच्या वाटेवर सुमारे ६ हेक्टरांचा जुना वनखंड १९५३ पासून न तोडता राखला आहे. त्याला ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणतात आणि २०१४ मध्ये तो जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. तिथले साग विकले असते तर चार पैसे आले असते. तरी त्या वेळच्या लोकांनी ठरवले की एवढा तुकडा पुढच्यांसाठी असू द्यावा. म्हणून आज आपली मुले त्या झाडांच्या बुंध्याला मिठी मारून पाहतात. झाडांसाठी जे झाले, ते माणसांच्या दगडांसाठी व्हायला अवघड काही नाही. त्यांना तर ६ हेक्टर लागतही नाहीत.

माझी मंडळाला विनंती आहे की या वर्षी एक वही घालावी. प्रत्येक भगिनीने आपल्या सासरच्या आणि माहेरच्या गावातली अशी एक तरी जागा, त्या कुळाच्या संमतीने, तीत लिहावी. गोंड-माडिया भगिनींनी आपल्या भाषेतली नावे जशीच्या तशी सांगावीत, आम्ही ती लिहून घेऊ. यंदा जी म्हातारी माणसे सांगायला आहेत, ती पुढच्या वर्धापनदिनाला असतीलच असे नाही. म्हणून धान कापणीच्या आधी, दगड गवतातून दिसतात तोवर, हे काम सुरू करावे.